सावली आखणारे तांबोळी मेजर

पुण्यात सुट्टीच्या दिवशी माणसं काय वाटेल ते करतात. कुणी पहाटे उठून सिंहगड चढतं, कुणी मिसळीसाठी तासभर रांगेत उभं राहतं, कुणी दुपारी झोपतं आणि झोपमोड करणाऱ्याला जन्मभर विसरत नाही. आमचे तांबोळी मेजर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एखाद्या चौकात जाऊन उभे राहायचे.

नुसते उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात ड्युटीचे बूट, हात मागे. कुणाची वाट बघत नसत, मोबाइलमध्ये बघत नसत. ओळखीचं कुणी भेटलं आणि "काय मेजर, इकडे कुठे?" म्हणालं, तर "इकडेच" एवढं सांगून परत समोर बघायला लागत. तासाभराने खिशातली वही काढायची, दोन ओळी लिहायच्या, स्कूटरला किक मारायची आणि पुढच्या चौकात जाऊन पुन्हा उभं राहायचं. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, घरी भांडण असणार. नंतर कळलं की मेजर आमच्यासाठी उभे राहतायत.

आधी ओळख करून देते. मी राठोड, पोलीस शिपाई, मूळची वाशीमकडची, आता मध्यवस्तीतल्या एका पोलीस ठाण्यात. बशीर तांबोळी हे आमचे सहायक फौजदार आणि ठाण्याचे हजेरी मेजर. पोलीस ठाण्याचे मोठे साहेब कोण, ते बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं. पण माझा आजचा दिवस कसा जाणार ते साहेब ठरवत नाहीत, हजेरी मेजर ठरवतात. कुणी झाडाखाली उभं राहायचं आणि कुणी डांबरावर, कुणाची सुट्टी रविवारी आणि कुणाची कायम मंगळवारी, हे सगळं त्यांच्या पेनातून उतरतं. त्यामुळे बहुतेक ठाण्यांत हजेरी मेजरला चहा फार मिळतो. माझ्या आधीच्या ठाण्यात तर दिवाळीत हजेरी मेजरच्या टेबलावर इतका फराळ साचायचा, की हजेरीपट सापडायचा नाही.

तांबोळी मेजर चहा स्वतःच्या थर्मासमधून प्यायचे. घोरपडे पेठेत त्यांचं तीन पिढ्यांचं घर, वडिलांचं पानाचं दुकान. मराठी इतकी स्वच्छ, की आमच्यापैकी कुणी "पानी" म्हटलं तर ते पाणी द्यायचे, पण क्षणभर थांबून. सगळ्यांना "आपण" म्हणायचे. शिपायाला आपण, साहेबांना आपण. एकदा एका पाकीटमाराला "आपण जरा त्या बाकावर बसावं, आपल्याला हातकडी लावायची आहे" असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय. तो बिचारा इतका गोंधळला, की त्यानेच हात पुढे केले.

त्यांचा नियम एकच. ज्या जागी आपण उभे राहिलो नाही, त्या जागी दुसऱ्याला उभं करायचं नाही. आमच्या हद्दीतला बंदोबस्ताचा एकेक पॉइंट त्यांनी पायाखाली घातला होता, तोही एकाच वेळी नाही. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. वहीत प्रत्येक पॉइंटचं टिपण असायचं. ऊन किती वाजेपर्यंत. टेकायला भिंत आहे का. स्पीकरची भिंत किती लांब. चहा कुठे. आणि एक रकाना होता "चौकशी". म्हणजे त्या कोपऱ्यावर उभं राहिल्यावर लोक पत्ता किती विचारतात. बुधवार पेठेतल्या एका कोपऱ्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, "चौकशी अखंड. लोक देवळासमोर उभे राहून देऊळ कुठे विचारतात. नवीन माणूस देऊ नये, चिडेल."

मग या सगळ्यावरून पॉइंट हलका की जड ते ठरायचं, आणि ज्याने मागच्या वेळी जड केला त्याला या वेळी हलका. यादी पाच दिवस आधी भिंतीवर लागायची आणि शेजारी मागच्या चार बंदोबस्तांच्या याद्याही. कुणीही यावं आणि ताडून बघावं. कुणी कुरकुरलं, की मेजर वर न बघता म्हणायचे, "उभं राहून पाहिलंय." यापुढे बोलायला जागाच नसायची. उभं राहिलेल्या माणसाशी बसून वाद कसा घालणार?

परिणाम असा झाला, की आमच्या ठाण्यातल्या पाठी एकाएकी बऱ्या झाल्या. पूर्वी म्हणे मोठा बंदोबस्त आला की निम्म्या लोकांची कंबर धरायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा व्हायचा. तांबोळी मेजर आल्यापासून कंबर धरायची बंद झाली. आपण नाही गेलो तर आपला जड पॉइंट नेमक्या कुणाच्या डोक्यावर बसणार, हे भिंतीवर नावानिशी दिसत असायचं. तापातसुद्धा येणारी माणसं मी त्या ठाण्यात पाहिली, आणि त्यांना "आपण घरी जा, आपल्या जागी मी आहे" म्हणून परत पाठवणारे मेजरही पाहिले. मेजर स्वतःला नेहमी यादीच्या शेवटी लिहायचे, जो पॉइंट उरेल तो. उरायचा तो काय प्रकारचा असायचा, हे सांगायला नको.

वशिल्याचे फोन यायचे, नाही असं नाही. पुण्यात प्रत्येकाचा कुणीतरी कुणीतरी असतो. मेजर फोन अगदी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हरकत नाही. फक्त लिहून द्या." बस्स. समोरचा माणूस जो गडप व्हायचा, तो पुन्हा त्या आठवड्यात सापडायचा नाही. फोनवर सिंह असलेली माणसं कागद म्हटलं की मांजर होतात, हे मी त्या टेबलासमोर उभी राहून शिकले.

खडूची गोष्ट तर ठाण्यात अजून सांगतात. एका एप्रिलमध्ये मेजरांना वाटलं, नुसतं "दुपारी ऊन" असं लिहून भागत नाही, सावली कधी आणि किती सरकते ते कळलं पाहिजे. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांच्या गल्लीत खडू घेऊन गेले. दर अर्ध्या तासाने फुटपाथवर सावलीच्या कडेने रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. साध्या कपड्यातला माणूस, हातात वही, खाली वाकून दुकानाच्या दारापासून चार फुटांवर रेघ ओढतोय. पहिल्या दुकानदाराने ती रेघ पाहिली, घड्याळाची वेळ पाहिली, आणि आत जाऊन फोन केला. दुसऱ्या रेघेपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती की अतिक्रमणवाले आलेत आणि वेळ टाकून गेलेत. बाहेर मांडलेले पंखे आत गेले. मिक्सर आत गेले. वायरींची भेंडोळी, पाट्या, बाकडी, सगळं आत. एका शेठनी तर स्वतःची खुर्ची उचलून आत नेली आणि आत जागा नसल्यामुळे ते उभे राहिले. तीन वाजता मेजरांनी मान वर केली तेव्हा त्या गल्लीचा फुटपाथ बहुधा बांधल्यापासून पहिल्यांदा मोकळा दिसत होता. मेजरांना कारण कळलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, "या गल्लीत फुटपाथ प्रशस्त आहे. उभं राहायला उत्तम."

आता माझ्याकडे येते.

बंदोबस्ताला आम्हाला पाण्याच्या बाटल्या मिळतात. संध्याकाळी पॉइंट सुटला की रिकाम्या बाटल्या मेजर स्वतः गोळा करायचे. एका मे महिन्यात, दिवसभराच्या मोर्चानंतर, आम्ही चार महिला शिपाई परत आलो आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या. मेजरांनी त्या एकेक उचलून पाहिल्या. चारही भरलेल्या. झाकणसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"राठोड, पाणी खराब होतं का?"

"नाही, मेजर. तहान नव्हती."

"चौघींनाही?"

आम्ही चौघी जमिनीकडे बघत राहिलो. बाईमाणसाला बारा तास रस्त्यावर उभं केलं तर ती पाणी का पीत नाही, हे बाईला सांगावं लागत नाही आणि पुरुषाला सांगता येत नाही. मेजरांचे कान लाल झालेले मी पाहिले. बाटल्या त्यांनी ओळीने लावल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

पुढच्या सुट्टीला स्कूटरवर मागे भाभी होत्या.

शहनाज भाभींचं म्हणणं, लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी "चल, बाहेर जाऊ" म्हटलं, तेव्हा त्यांना आधी काळजीच वाटली. "मी ठेवणीतली साडी नेसले बघ. म्हटलं, सारसबागेत नेतील, भेळ खाऊ. नेलं कुठं, तर चौकात. आणि मला म्हणतात, समोरच्या दुकानात जाऊन विचार. काय विचारू? तर म्हणे, तूच ओळख."

भाभींनी ओळखलं. आणि मग त्या कामाला लागल्या. मेजर कोपऱ्यावर उभे, भाभी दुकानादुकानांत. बाहेर येऊन अहवाल द्यायच्या आणि मेजर मान खाली घालून लिहून घ्यायचे. "आहे, पण कडी नाही." "कडी आहे, पाणी नाही." "सगळं आहे, पण मालकाची नजर चांगली नाही, हे खोडा." वहीत नवीन रकाना आला. त्याचं नाव होतं "सोय". मेजरांनी यापेक्षा जास्त स्पष्ट शब्द जन्मात लिहिला नसता.

पुस्तकांच्या दुकानाचं तर भाभी नक्कल करून सांगायच्या. गल्ल्यावर एक वयस्कर काका. भाभींनी विचारलं, "बाथरूम आहे का?" काका चष्म्यावरून म्हणाले, "आमच्याकडे पुस्तकं मिळतात."

"पुस्तकं नकोत मला."

"ते दिसतंय."

"पोलिसातल्या पोरींसाठी विचारतेय. बारा-बारा तास समोर उभ्या असतात. पाणी पीत नाहीत त्या, भाऊ."

काका उठले, आतून एक किल्ली आणली, तिला लाकडाचा हातभर तुकडा बांधलेला. म्हणाले, "या खिळ्यावर असेल. विचारत बसू नका, घेऊन जायचं. परत मात्र याच खिळ्याला लावायची. शेजारच्या नाही." त्या दिवसापासून पुस्तकांच्या दुकानाचा कोपरा हा आमच्या यादीतला सगळ्यात हलका पॉइंट झाला. आणि मी पोलिसात आल्यापासून पहिल्यांदा बंदोबस्तावर पोटभर पाणी प्यायले.

एवढं सगळं ज्या माणसाने केलं, त्याच्याशी मी कशी वागले ते आता सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय मेजर पुरते कळणार नाहीत.

गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीच्या आधी दोन महिने मला लघवीचा त्रास सुरू झाला. जळजळ, कणकण, पाठीत कळ. इतकी वर्षं पाणी न पिता उभं राहिल्याचा हिशेब शरीराने मागितला. डॉक्टर बाईंनी सांगितलं, पाणी भरपूर प्यायचं आणि अजिबात अडवून धरायचं नाही. आणि यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे होता नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याचा वळणावरचा पॉइंट. सगळ्यात जड. दोन्ही बाजूंना बांधकामाचे पत्रे, झाड नाही, दुकान नाही. "सोय" च्या रकान्यात मेजरांनीच लिहिलेलं, "नाही." तक्रारीला जागा नव्हती. आदल्या वर्षी मी किल्लीच्या कोपऱ्यावर होते, त्यामुळे आता वळण माझ्याच वाट्याला यायचं होतं.

मेजरांच्या टेबलापाशी जाऊन मी दोनदा परत आले. जीभ उचलेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कसं सांगायचं? रात्री आईचा फोन आला, "काहून वं, आवाज असा काहून येऊन रायला?" तिलाही सांगितलं नाही. पण वाशीमला मामाला फोन केला. मामाचा जुना मित्र इथल्या एका पुढाऱ्याची गाडी चालवतो. ड्रायव्हरने पुढाऱ्याला सांगितलं, पुढाऱ्याने मोठ्या साहेबांना. साहेबांनी मेजरांना बोलावलं. मेजर नेहमीसारखं म्हणाले, "हरकत नाही, साहेब. फक्त लिहून द्या."

साहेब नवीन होते. त्यांनी लिहून दिलं.

दुपारी मेजरांनी मला बोलावलं. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "राठोड, आपला पॉइंट बदलला आहे. आपण पुस्तकांच्या दुकानापाशी. किल्ली कुठे असते ते आपल्याला माहीत आहे." मग यादीवर बोट सरकवत म्हणाले, "वळणावर आता नियमाप्रमाणे भोसले."

भोसले म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी, मांजरी गावाहून येणारी. बाळंतपणाची रजा संपवून तिला रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. पोरगी अंगावर पिणारी.

"मेजर, तिला नको. दुसऱ्या कुणाला लावा."

"कुणाला? आपण नाव सांगा. आपण सांगाल तिला लावतो." आणि त्यांनी महिलांची यादी माझ्यापुढे फिरवली.

मी ती पाच नावं वाचली. एकीने वळण आदल्या वर्षी केलं होतं. एक सलग तीन जड पॉइंट करून आली होती. एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं. खाली-वर, खाली-वर वाचलं. एकही नाव तोंडातून निघेना. तेव्हा मला कळलं की हा माणूस ही यादी दर वेळी कशी करत असेल.

"आपल्याला वळण का नको होतं, ते मी विचारणार नाही," मेजर म्हणाले. "पण आजारपण असेल तर त्याची तरतूद यादीत पहिल्यापासून आहे, राठोड. त्याला पुढारी लागत नाही. वाशीमला फोन लावलात, माझ्या टेबलापर्यंत सात पावलं येववलं नाही आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांकडे गेले, म्हटलं मला माझा मूळ पॉइंट द्या. साहेब म्हणाले, यादी वर गेली, आता काना-मात्रा बदलणार नाही, फोन करताना विचार करायचा होता. तेही खरंच. भोसलेला गाठलं आणि सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, त्याने आणखीच मेल्यासारखं झालं. "जाऊ द्या ताई, एक दिवस हाय. कायतरी करते," म्हणाली. सासू गावी गेलेली, नवरा खराडीत कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक, त्यालाही सुट्टी नाही. पोरीला शेजारणीकडे ठेवणार होती. सहा महिन्यांची पोर दिवसभर आईविना, आणि आई पत्र्यांच्या मध्ये उन्हात, माझ्यामुळे.

विसर्जनाच्या दिवशी मी किल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहिले. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, लोक फोटो काढत होते. मला सावली होती, पाणी होतं, खिळ्यावर किल्ली होती. पुस्तकवाल्या काकांनी बाहेर येऊन विचारलंसुद्धा, "खुर्ची देऊ का?" मला तिथं एक क्षणही बरं वाटलं नाही. एक वाजता जेवणाची सुटी झाली, बदली शिपाई आला, आणि मी डबा न घेता गर्दीतून वळणाकडे पळत सुटले. म्हटलं, माझी अर्ध्या तासाची सुटी तरी भोसलेला देते.

भोसले बॅरिकेडपाशी उभी होती. तोंड उन्हाने लाल, पण हसत होती. मी काही बोलायच्या आत तिने पत्र्यांच्या मधल्या फटीकडे बोट केलं. "तिकडं जा. मी आत्ताच पाजून आले."

पत्र्यांमागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला एका जुन्या इमारतीची तळमजल्याची खोली. बंद पडलेली बालवाडी. भिंतीवर हत्ती, मोर, कमळ रंगवलेलं, कोपऱ्यात गुडघाभर उंचीच्या खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या. मध्ये सतरंजीवर शहनाज भाभी, आणि त्यांच्या मांडीवर भोसलेची पोरगी झोपलेली.

भाभींनी तोंडावर बोट ठेवून मला खाली बसवलं. हळू आवाजात सांगायला लागल्या. यादी बदलली त्या संध्याकाळी मेजर जेवले नाहीत. म्हणाले, त्या वळणावर मी तीनदा उभा राहिलो, बोळातलं कुलूप तीनदा पाहिलं आणि "सोय नाही" असं लिहून मोकळा झालो. कुलपामागे काय आहे ते विचारलं नाही. तिथं कुणीही असती तरी तिचे हालच झाले असते, चूक माझी. मग दोघांनी मिळून बालवाडीच्या बाईंचा पत्ता काढला. बाई आता खराडीला मुलाकडे राहतात. भाभी बसने जाऊन किल्ली घेऊन आल्या, काल दिवसभर खोली धुतली. "बाथरूम आहे, पण लहान पोरांच्या मापाचं. भोसलेला म्हटलं, जरा सांभाळून बस." आणि पोरीला शेजारणीकडे ठेवू नको, माझ्याकडे दे, हे भाभींनीच सांगितलं. "तुला बोलल्याचंही लागलंय त्यांना. म्हणतात, पोरीला मला सांगता आलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार."

मला रडू आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाभी, तुमची मुलं काय करतात?" इतक्या वर्षांत आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं. मेजरांना सगळ्यांची मुलं पाठ होती. कुणाची दहावी, कुणाचे दात, कुणाचं शाळेचं संमेलन, सगळं वहीत असायचं आणि सुट्टी त्याप्रमाणे लागायची.

"नाही गं," भाभी म्हणाल्या. "नाही झालं. दवाखाने केले सगळे." पोरीच्या अंगावरची ओढणी त्यांनी सारखी केली. "हे कधी बोलून दाखवत नाहीत."

तेवढ्यात दारात मेजर आले. टोपी काढून हातात घेतली, मला पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"राठोड, आपली सुटी संपायला बारा मिनिटं आहेत. जेवलात का?"

मी उभी राहिले, आणि जे दोन महिने जिभेवर अडकलं होतं ते सरळ बोलून टाकलं. "मेजर, मला लघवीचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाल्या पाणी प्यायचं, अडवून धरायचं नाही. म्हणून मला वळण नको होतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली. माझं चुकलं."

मेजर भिंतीवरच्या मोराकडे बघत होते. कान पुन्हा लाल झाले होते. "बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "औषध चालू आहे?"

"हो."

"सकाळपासून पाणी?"

"दोन बाटल्या."

"तिसरी घ्या. आणि आधी जेवा." भाभींनी पोळीभाजीचा डबा माझ्याकडे सरकवला.

मग मेजर मोरीपाशी गेले. नळ लहान मुलांच्या उंचीचा, त्यामुळे त्यांना पार वाकून हात धुवावे लागले. रुमालाने एकेक बोट पुसलं. भाभींसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दे."

"आत्ता कुठं झोपलीय. राहू द्या."

"सकाळपासून तूच घेतलीयस," मेजर म्हणाले. आवाज इतका हळू, की मला ढोलांमुळे नीट ऐकूसुद्धा येईना. "आता माझा नंबर."

या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. भाभींनीही बहुधा नसावं. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग उठल्या आणि पोरगी मेजरांच्या हातात दिली. मान कशी धरायची ते बोटाने दाखवलं.

मेजर त्या लहान लहान खुर्च्यांच्या मध्ये उभे राहिले. बाहेर पथकामागून पथक जात होतं, पत्रे थरथरत होते, पोरीने एकदा मूठ उघडली आणि त्यांच्या नावाच्या पट्टीवर ठेवली. मेजरांनी या पायावरचा भार त्या पायावरसुद्धा घेतला नाही. मी पोळी खाल्ली, पाणी प्यायले, डबा धुऊन ठेवला. बारा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मेजरांनी घड्याळ पाहिलं नाही.